डाव्या पायाचं राहून गेलं

पत्र:

काका,

मी २१ वर्षांची आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवीत असल्यापासून आमच्या गल्लीमागच्या आखाड्यात मर्दानी खेळ शिकते. आधी काठी, मग फरी-गदका (ढाल आणि लाकडी दांडकं), गेली तीन वर्षं पट्टा, म्हणजे दांडपट्टा.

आमचे वस्ताद भाद्रपदात गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आदल्या संध्याकाळी सराव उरकल्यावर ते मला म्हणाले होते, "उद्या जरा लवकर ये, तुझ्या डाव्या पायाचं सांगायचं आहे." दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी म्हटलं, "परवा येते."

यंदा दसऱ्याला आमची प्रात्यक्षिकं झाली नाहीत. ३० पोरं यायची, आता नऊ-दहा येतात. थोरलं असं कुणी उरलं नाही म्हणून काकूंनी (वस्तादांच्या पत्नींनी) हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्याकडं दिली. दर शनिवारी जाते, पेटी उघडते, हत्यारं पुसून तेल लावते आणि पेटी बंद करून घरी येते. पट्टा मात्र तेव्हापासून हातात चढवलेला नाही. परवा एका लहान पोरानं चुकून मला 'वस्ताद' म्हणून हाक मारली. घरी येऊन खूप रडले.

आमच्यातली दोन मोठी मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन्ही हातांत पट्टा फिरवायला लागली आहेत. वैशाखातल्या शिवजयंतीला लिंबू कापून दाखवायचं म्हणतात. दुसऱ्या पेठेतल्या एका वस्तादांनी निरोप पाठवलाय, "पोरांना घेऊन ये, राहिलेलं मी शिकवतो." पण त्यांच्या आखाड्याशी आमची जुनी ईर्ष्या आहे. तिकडं जाणं म्हणजे वस्तादांशी बेइमानी, असं आमच्यातले काही म्हणतात. वस्तादांच्या मुलाला आमच्या आखाड्याची जागा मोकळी हवी आहे, असंही कानावर येतं.

मी खेळ सोडून देऊ का? पट्ट्याचं माझं अर्धंच झालंय. डाव्या पायाचं काय होतं, ते तर आता मला कधीच कळणार नाही.

(नाव छापू नका.)

उत्तर:

पोरी,

पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस आणि माझं मन तिथंच अडकलं. दर शनिवारी पेटी उघडतेस, हत्यारं पुसतेस, तेल लावतेस. पावसाळा सरतानाच्या कोल्हापूरच्या ओल्या हवेत उघड्या पात्यावर तांबूस ठिपके पडायला आठवडासुद्धा लागत नाही. तुझ्या वस्तादांची पाती आज स्वच्छ आहेत, ती तुझ्यामुळं. खेळ सोडू का असं विचारतेस, पण सोडलेल्या माणसाची हत्यारं अशी नसतात. ते काम चालू ठेव. पट्ट्याच्या खोबळ्याचं, म्हणजे हात घालायच्या लोखंडी कवचाचं, आतलं अस्तर मात्र एकदा उन्हात चांगलं वाळव. घाम तिथं मुरतो आणि गंज आतून धरतो, बाहेरून दिसत नाही.

मी मूळचा मातीतला, कुस्तीतला. पट्टा तरुणपणी तीन-चार वर्षं खेळलो, तेवढाच. तुला पट्ट्याचे हात शिकवण्याइतका मी तयारीचा नाही. पण वस्ताद गेल्यावर काय होतं ते मी अंगावर काढलंय, म्हणून आधी ते सांगतो.

१९८४ साल असेल. मी बावीस वर्षांचा होतो. जत्रांचा हंगाम ऐन भरात असताना फाल्गुनात आमचे वस्ताद गेले. थोरले पैलवान पांगले. कुणी सैन्यात भरती झाला, कुणी साखर कारखान्यात चिकटला. मी हट्टानं राहिलो. पहाटे चारला उठायचं, हौदा (कुस्तीच्या मातीचा खड्डा) उकरायचा, वस्तादांनी घालून दिले होते तेवढेच जोर, तेवढ्याच बैठका मारायच्या. दुसऱ्या तालमीची पायरी चढायची नाही, अशी शपथच घेतली होती. जोड कुणी उरला नव्हता, म्हणून पोत्यात माती भरली आणि त्या पोत्यावर पट (खाली शिरून समोरच्याचा पाय धरायचा डाव) काढत राहिलो. आठ-नऊ महिने. लोक कौतुक करायचे, पोरगं वस्तादाला धरून आहे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

दिवाळीनंतर करवीर तालुक्यातल्या एका गावात जत्रेला कुस्ती लागली. दुसऱ्याच मिनिटाला मी एकेरी पटात शिरलो आणि माझं डोकं खाली गेलं. समोरच्यानं मानेवर सगळा भार टाकला, मला तोंडावर घेतलं, ताबा धरला आणि घिस्सा डावावर चीत केलं. पडताना उजवा खांदा निखळला. खांदा धरून बसलो होतो, तेव्हा दुसऱ्या तालमीचे एक म्हातारे वस्ताद जवळ आले. त्यांच्या पोरांशी आमचं कधी पटलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या वस्तादाचा पट म्या बघितलाय. त्याचं डोकं कधी खाली नसायचं. तुझं कवापासनं जायला लागलं?"

मला सांगता येईना. मला ते माहीतच नव्हतं. पोतं मान दाबत नाही ना. नऊ महिने रोज पहाटे मी तीच चूक घोटत होतो, आणि ती वस्तादांच्या नावानं घोटत होतो. ते असते तर दुसऱ्याच दिवशी मानगुटीवर थाप बसली असती.

तुझं पत्र वाचताना मला ते पोतं आठवलं. पहिली दोन-तीन वर्षं वस्ताद हात दाखवतो. नंतर तो फारसं दाखवत नाही, कट्ट्यावर बसून बघतो. तुमचे वस्तादही शेवटी शेवटी बघतच असतील. काठी फिरवणाऱ्या वीस पोरांत नेमका एकाचाच खांदा उचललाय, ते त्यांना चहा पिता पिता दिसत असेल. शीर, तमाचा, बाहेरा हे घाव, जे काही त्यांनी शिकवलं ते तुझ्या अंगात आहे, ते कुठं जात नाही. गेलाय तो बघणारा डोळा. खेळ सोडायचा नाहीस, हे मी तुला एका ओळीत सांगून टाकतो. पण एकटीनं, दार लावून, त्यांच्या आठवणीत खेळत राहायचं असं मनात असेल तर त्याला माझा विरोध आहे. तुला आता बघणार कोण, त्याची सोय आधी कर.

त्या दुसऱ्या पेठेतल्या वस्तादांकडं जा.

बेइमानीचं म्हणशील तर आपल्या मातीतलंच सांगतो. खाशाबा जाधवांचे पहिले वस्ताद त्यांचे वडील, दादासाहेब. कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीत त्यांनी पोराला तयार केलं. पुढं खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजला आले, इथं दुसऱ्यांच्या हाताखाली घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवर लढायची सवय नव्हती, तिथं रीस गार्डनर नावाच्या परदेशी प्रशिक्षकानं त्यांना तयार केलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज त्या पदकाकडं बघून कुणी म्हणतं का की खाशाबांनी बापाच्या मातीशी दगा केला? गोळेश्वरची माती त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. तिच्यावर बाकीचं चढत गेलं.

पण जायची एक रीत असते, ती पाळ. आधी काकूंकडं जा. परवानगी मागायला जा असं मी म्हणत नाही. त्यांना बाहेरून कळू नये एवढ्यासाठी जा. "काकू, मी अमुक वस्तादांकडं राहिलेलं शिकायला जाणार आहे, आपला आखाडा चालूच राहील," असं सरळ सांग. त्या रडतील कदाचित. पाच मिनिटं त्यांच्याजवळ बस. नंतर नारळ घेऊन त्या वस्तादांकडं जा आणि त्यांनाही तितक्याच सरळ सांग, की मी तमक्यांची पोरगी आहे आणि तमक्यांचीच राहणार, पण माझं पट्ट्याचं राहिलंय, ते बघा. खरा वस्ताद असेल तर त्याला याचा राग येणार नाही. राग आला तर ते घर आपलं नव्हे असं समजून परत ये आणि दुसरं दार शोध. कोल्हापुरात पेठेपेठेत आखाडे आहेत, वस्तादांची वाण नाही. आणि त्या आखाड्यात मुली नसतील तर एकटी जाऊ नको. तुमच्यातल्या दोघी-तिघींना बरोबर घे. घरच्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो.

तिथं गेल्यावर एक मोह होईल, तो आवर. "आमच्यात असं नसतं" हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढायचं नाही. सलामी वेगळी असेल, पवित्र्याची सुरुवात दुसऱ्या पायानं असेल, एकाच हाताला दुसरं नाव असेल. आखाड्याआखाड्यात हे फरक असतातच. त्यांच्याकडं असेपर्यंत त्यांचं तसं कर, घरी येऊन वहीत दोन्ही लिही. मी त्या म्हाताऱ्या वस्तादांकडं पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी मला सात-आठ दिवस नुसतं हौद्याकडेला उभं करून पोरांचा सराव बघायला लावलं. मनातून मी जळत होतो. आज वाटतं, माझा स्वतःचा डोळा उघडला तो त्या आठ दिवसांत.

वहीवरून आठवलं. हे काम तुला आत्ताच करायचं आहे, दिरंगाई नको. तुमच्या वस्तादांनी तुला जे शिकवलं ते त्यांच्या उतारवयातलं. त्यांच्या पंचविशी-तिशीत त्यांच्याकडं शिकलेली माणसं आज पन्नाशी-साठीत असतील. कुणी रिक्षा चालवत असेल, कुणाचं गुऱ्हाळ असेल, कुणी गुजरीत सोन्याचा कारागीर असेल. काकूंना सगळ्यांची नावं पाठ असतील, त्यांना विचार. एखाद्या रविवारी सकाळी सगळ्यांना आखाड्यात बोलाव. मिसळ आणा, आधी खाऊ दे, जुन्या गोष्टी निघू देत. मग एकेकाला म्हण, "काका, वस्तादांनी तुम्हाला शिकवलं तसं एकदा करून दाखवा." पोट सुटलेलं असेल, दम लागेल, तरी काठी हातात आली की अंगाला आठवतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

त्यात वाद होणार. एक म्हणेल बैठा पवित्रा असा, दुसरा म्हणेल छे, एवढं खाली बसायचंच नाही. दोघंही खरं बोलत असतील. समज, पन्नाशीत वस्तादांचे गुडघे दुखायला लागले असतील, तेव्हापासून त्यांनी बसणं कमी केलं असेल, आणि तुम्ही शेवटची पोरं तेच मूळ समजून शिकला असाल. तुझ्या डोळ्यांसमोरचे वस्ताद एवढेच वस्ताद नव्हते. म्हणून कुणाचं बरोबर याचा निकाल लावायला बसू नको. कुणी दाखवलं, तो कोणत्या साली शिकला, त्यानं काय केलं, एवढं लिही आणि मोबाईलवर चित्रण कर. पायांसकट कर. बहुतेक लोक हाताचंच चित्रण करतात. या माणसांपैकी एखादा-दुसरा महिन्यातनं दोन शनिवार कट्ट्यावर येऊन बसायला तयार झाला, तर तुझ्या लहान पोरांना डोळा मिळाला. त्यांनी खेळायची गरज नाही, नुसतं बसावं.

आता त्या दोन मुलांचं. पट्टा ताबडतोब काढून घे. किल्ली तुझ्याकडं आहे, ती याचसाठी दिलीय असं समज. त्यांच्यावर चिडू नको. वस्ताद गेल्याचं दुःख पोरं असंही काढतात, काहीतरी मोठं करून दाखवायचं असतं. पण त्यांना बसवून पट्टा समजावून सांग. खोबळ्यानं हात कोपरापर्यंत झाकलेला, आतली मूठ आडवी, मनगट जवळजवळ बांधलेलंच. तलवारीला मनगटानं वळवता येतं, पट्ट्याला नाही. त्याचं सगळं फिरणं कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांच्यावर. पातं लवचीक, दोन्ही अंगांना धार, आणि घाव संपला तरी ते लगेच थांबत नाही, झोल घेऊन परत येतं. पाऊल वेळेवर हललं नाही तर ते स्वतःच्याच पोटरीकडं येतं. व्हिडिओत गरगर फिरणारा हात दिसतो. पाय बऱ्याचदा चौकटीच्या बाहेर असतात. जे सगळ्यात आधी शिकायचं तेच त्यात दिसत नाही. दोन्ही हातांत पट्टा तर राहूच दे.

लिंबाचं माझं मत कडक आहे. माणसाच्या हातावर, पोटावर लिंबू ठेवून कापणं हे वस्ताद समोर उभा असतानाच करायचं. घाव घालणाऱ्याइतकाच लिंबू धरणाऱ्याचा श्वास बघावा लागतो, आणि तो बघणारा आज तुमच्याकडं नाही. येत्या शिवजयंतीला लिंबू नाही, धारेचं हत्यार नाही, आगीचे खेळ नाहीत. मिरवणुकीत काठी आणि फरी-गदका एवढंच काढा. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर असतं, हलगी कडाडत असते, गर्दी पाठीला भिडते. तेवढ्या गर्दीत नीट एका लयीत फिरलेल्या दहा काठ्या बघणाऱ्याला पुरतात. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या, तारखेच्या शिवजयंतीला राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या मानामुळं पोरं पट्ट्याकडं ओढली जातायत, हेही चांगलंच आहे. म्हणून तर त्याला हात घालणाऱ्या पोरांची काळजी आपण आधीपेक्षा जास्त घ्यायला हवी.

लहान पोरांना तू शिकव. काठी त्यांच्या हातात दे. तुला येतं तेवढंच शिकव, येत नाही तिथं "मला येत नाही, विचारून सांगते" म्हण. पोरांना त्याचं काही वाटत नाही, उलट विश्वास बसतो. शिकवायला लागलीस की दुसऱ्याची चूक दिसायला लागते, आणि मग हळूहळू स्वतःचीही. 'वस्ताद' म्हणून हाक मारली तर हसून "ताई म्हण" सांग. त्या पोरानं तुला त्यांच्या जागी बसवलं नव्हतं गं. त्याच्या लेखी हातात काठी देणाऱ्या माणसाचं नावच वस्ताद आहे. त्याला दुसरा शब्द माहीत नाही.

जागेबद्दल कानावर येतंय, एवढ्यावर राहू नको. वस्तादांच्या मुलाशी समोरासमोर बोल, जुन्या मंडळींपैकी कुणाला तरी बरोबर घेऊन. त्याचा बाप गेलाय, घराच्या अडचणी त्याला असणारच, त्या आधी ऐकून घे. किती महिने मिळतील ते विचार. हत्यारांची यादी करून एक प्रत त्याला, एक काकूंना दे. जागा गेली तर तालमीच्या मागचं पटांगण, शाळेचं मैदान, काहीही चालेल. आपल्याकडं तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उभे राहिले, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागं उभ्या राहतात. मला त्यांचा अभिमान आहे. पण काही तालमींत हौद्यावर फरशी बसली आणि मातीत उतरायला कुणी उरलं नाही, हेही मी बघितलंय. नाव आणि फलक टिकवणं तितकं अवघड नसतं. तुम्ही नऊ-दहा जण आठवड्यातून तीन संध्याकाळी कुठंतरी काठी फिरवत राहिलात, तर आखाडा आहे.

आता राहिलं तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

तू त्या दिवशी गेली नाहीस. पेपर होता, "परवा येते" म्हणालीस. यावर मी तुला "असू दे, विसर" म्हणणार नाही, कारण तू विसरणार नाहीस. मीही आमच्या वस्तादांच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस तालमीला दांडी मारली होती, शाहू टॉकीजला सिनेमा बघायला गेलो होतो. चाळीस वर्षं झाली, अजून ते दोन दिवस मोजतो. फरक एवढाच पडला की आता त्यांच्याबरोबरच्या बाकीच्या दिवसांबरोबर ते मोजतो. तूही मोज. आठवीपासून आजपर्यंत किती संध्याकाळी तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस, त्याचा हिशोब कर. एक संध्याकाळ त्यात बसवून बघ.

आणि डाव्या पायाचं काय होतं ते कधीच कळणार नाही, असं तू लिहिलंस. पोरी, त्यांना जे दिसलं होतं ते त्यांच्याबरोबर गेलेलं नाही. डावा पाय तुझ्याकडंच आहे. त्यांनी बघितलेली चूक आजही तुझ्या चालीत असणार, तू चार महिने पट्टा चढवला नाहीस म्हणून ती निघून गेलेली नाही. जाणत्या माणसासमोर तीन फेऱ्या घेतल्यास तर त्यालाही ती दिसेल. माझं खाली गेलेलं डोकं ज्या माणसाला दिसलं, त्यानं माझ्या वस्तादांना लढताना बघितलं होतं. पेठेपेठेत ईर्ष्या असते म्हणजे त्यांनी एकमेकांना डोळ्यांत तेल घालून बघितलेलं असतं. ज्यांनी तुला निरोप पाठवला, त्यांनी तीस-चाळीस वर्षं तुमच्या वस्तादांची पावलं बघितली असतील. तुझा पाय कुठं चुकतो हे तर ते सांगतीलच, तुमच्या वस्तादांचा कुठं पडायचा हेही सांगतील. ते ऐकायला तरी जा.

या शनिवारी एक कर. मैदान आखायची फक्की मिळते ती दोन किलो आण आणि आखाड्याच्या जमिनीवर पातळ पसर. तेल लावून झालं की पेटी लगेच बंद करू नको. बोथट पट्टा असेल तर तो चढव, नसेल तर तेवढ्या लांबीची हलकी काठी घे. आजूबाजूला कुणी जवळ नाही ना ते बघ आणि त्यांनी शिकवलेल्या पवित्र्यानं तीन फेऱ्या घे. घाई नको. हात थरथरेल, दम लागेल, रडू येईल, येऊ दे, पण फेरी पुरी कर. नंतर बाजूला होऊन फक्कीत उमटलेली पावलं बघ. डावं पाऊल जिथं घासलं असेल, आडवं पडलं असेल, उजव्याच्या वाटेत आलं असेल, तिथं खूण कर. एका मैत्रिणीला वरून फोटो काढायला सांग, आणि पायांचं चित्रणही. मोबाईलचा खरा उपयोग इथं आहे.

तो फोटो घेऊन त्या वस्तादांकडं जा. नारळ विसरू नको, आणि काकूंना आधी सांगून जा.